विद्यार्थी वस्तीत काम करायला तयार आहे का? फिल्डवर्क बघणाऱ्या सुपरवायझरसाठी

एप्रिल महिना. सेमिस्टर संपत आलंय, मूल्यमापनाचे फॉर्म टेबलावर पडलेत आणि एजन्सीतून, म्हणजे विद्यार्थी जिथे फिल्डवर्क करतात त्या संस्थेतून, फोन येतो. "मॅडम, मुलगी चांगली आहे, वेळेवर येते, सांगितलेलं करते. पण..."

त्या "पण"नंतर जे कानावर पडतं त्याने पोटात गोळा येतो. एका बाईने विश्वासाने सांगितलेली घरातली गोष्ट विद्यार्थिनीने शेजारणीजवळ बोलून टाकली होती. कधी? नोव्हेंबरात. मग आत्ता का सांगताय? "पोरीचं वर्ष वाया जायला नको म्हणून."

मुंबईत समाजकार्याच्या विद्यार्थ्यांचं फिल्डवर्क बघते आहे त्याला आता बावीस वर्षं झाली. हा फोन मला दर दोन-तीन वर्षांनी येतोच. एप्रिलमध्ये त्या "पण"चं काहीही करता येत नाही. नापास करावं तर मुलीला कुणी कधी काही बोललेलंच नाही, म्हणजे तिच्यावर अन्याय. पास करावं तर ती पुढच्या ज्या बाईच्या घरी जाऊन बसेल तिच्यावर अन्याय. हा "पण" नोव्हेंबरातच बोलला जावा, कागदावर यावा आणि त्याच्यावर काम करायला विद्यार्थ्याला वेळ मिळावा, यासाठी वर्षभर काय काय करावं लागतं ते इथे क्रमाने लिहिते आहे. नर्सिंग, फिजिओथेरपी किंवा बी.एड.च्या सुपरवायझरलाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

आपली सही किती वजनाची आहे

डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे होते, नर्सची नर्सिंग कौन्सिलकडे, वकिलाची बार कौन्सिलकडे. चूक झाली तर तक्रार कुठे करायची हे माणसाला ठाऊक असतं. समाजकार्याचं शिक्षण मुंबईत १९३६ पासून दिलं जातंय, टाटा समाजविज्ञान संस्थेची सुरुवात त्या वर्षीची, तरीही वस्तीत किंवा संस्थेत काम करणाऱ्या समाजकार्यकर्त्याला असा परवाना लागत नाही. २०२१ मध्ये आरोग्यसेवेतल्या संलग्न व्यवसायांसाठी जो राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला त्यात वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातले समाजकार्यकर्ते धरले आहेत. बाकीच्यांसाठी एम.एस.डब्ल्यू.ची, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीची, गुणपत्रिका हीच ओळख.

इंग्लंडमध्ये समाजकार्यकर्त्यांसाठी स्वतंत्र नियामक संस्था आहे. तिथे विद्यार्थ्याला पदवीच्या काळात २०० दिवसांचं प्रत्यक्ष शिक्षण पूर्ण करावं लागतं आणि लोकांसोबत थेट काम सुरू करण्याआधी तो त्यासाठी तयार आहे का हे तपासलं जातं. आपल्याकडे ही सगळी चाळणी कॉलेजच्या फिल्डवर्क विभागात आहे. इथून सुटलेल्या माणसाला पुढे कुणी अडवत नाही.

पहिलं काम जूनमध्ये: "योग्य" म्हणजे काय ते लिहून काढा

बहुतेक मूल्यमापन फॉर्मवर "व्यावसायिक दृष्टिकोन – १० गुण" असा एक रकाना असतो. त्यात सात लिहायचे की आठ, हे सुपरवायझरच्या त्या दिवशीच्या मूडवर ठरतं. त्या रकान्याच्या जागी डोळ्यांनी दिसेल आणि कानांनी ऐकू येईल अशी वाक्यं हवीत. आमच्याकडची काही देते: ठरलेल्या घरी जाणार नसेल तर आदल्या दिवशी कळवतो. समोरच्याने सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगत नाही. आपल्याला न पटणारं वागणं ऐकूनही प्रश्न विचारत राहतो, उपदेश सुरू करत नाही. चूक झाली तर त्याच आठवड्यात स्वतःहून सांगतो. आपल्या आवाक्याबाहेरचं काम ओळखतो आणि विचारायला येतो.

अशी दहा-बारा वाक्यं पुरेत. ती एजन्सीतल्या लोकांसोबत बसून लिहा, कारण वस्तीत काय चालतं हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. पहिल्याच आठवड्यात ही यादी विद्यार्थ्यांच्या हातात द्या आणि मोठ्याने वाचा. जी अपेक्षा जूनमध्ये सांगितली नाही तिच्यावरून एप्रिलमध्ये कुणाला नापास करता येत नाही.

याच वेळी एक गोष्ट स्वतःशी पक्की करून ठेवा. विद्यार्थी कुठे कमी पडला की कारण तीनपैकी एक असतं. एक, त्याला ते अजून येत नाही. दोन, येतं पण तो तसं वागत नाही. तीन, तब्येत, घरची परिस्थिती किंवा एखादं अपंगत्व आडवं येतंय आणि आपण लागणारी सोय केलेली नाही. येत नसेल तर शिकवायचं, वागत नसेल तर जाब विचारायचा, सोय नसेल तर ती करायची. या तिन्हींची गल्लत झाली की जिला शिकवायला हवं तिला आपण झापतो आणि ज्याला जाब विचारायला हवा त्याची समजूत काढत बसतो.

वस्तीत पाठवण्याआधीची तालीम

लेखी परीक्षेतून विद्यार्थ्याला काय माहीत आहे ते कळतं. जॉर्ज मिलर या वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञाने १९९० मध्ये याचा एक पिरॅमिड मांडला: तळाला माहीत असणं, त्यावर कसं करायचं ते माहीत असणं, त्यावर करून दाखवणं आणि टोकाला रोजच्या कामात प्रत्यक्ष करणं. करून दाखवण्याची पायरी तपासायला स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी एक परीक्षा बसवली, जिच्यात विद्यार्थी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो आणि प्रत्येक ठिकाणी ठरलेल्या वेळात एक काम करून दाखवतो. पुढे टोरांटोत ती समाजकार्यासाठी बदलून घेतली गेली.

एवढा मोठा घाट घालायची गरज नाही. आम्ही ऑगस्टमध्ये एक दिवस काढतो. प्रत्येक विद्यार्थ्याला पंधरा मिनिटं. समोर बसते एजन्सीतली अनुभवी कार्यकर्ती आणि ती एका बाईची भूमिका करते. ही भूमिका वर्गमित्राला देऊ नका, तो मैत्रिणीला सांभाळून घेतो. भूमिकेचा कागद साधा असतो: मुलगा शाळेत जात नाही, नवरा अधूनमधून घरी येतो, कर्ज आहे, आणि ही तिसरी गोष्ट विश्वास बसल्याशिवाय सांगायची नाही. दोन जण बघतात आणि आपापल्या कागदावर वेगवेगळं लिहितात. नंतरची दहा मिनिटं मात्र अजिबात वाचवू नका. त्यात विद्यार्थ्याला विचारायचं, "आत्ता काय झालं असं तुला वाटतं?" मुलाखत फसली तरी कुठे फसली ते ज्याला नेमकं सांगता येतं त्याच्याबद्दल मी निर्धास्त असते. छान बोलून गेलेला आणि "मस्त झालं" म्हणणारा माझ्या वहीत लाल खुणेने जातो.

दुसरा एक प्रश्न प्रत्येकाला तोंडी विचाराच: "बालवाडीतली मुलगी म्हणाली, काका दुखवतात, पण कुणाला सांगू नका. तू काय करशील?" पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा. त्याच्या कलम १९ प्रमाणे अशी शंका आलेल्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. विद्यार्थ्याने कलमाचा आकडा सांगितला नाही तरी चालेल. "मी मुलीला वचन देणार नाही, त्याच दिवशी सुपरवायझरला सांगेन आणि पोलिसांपर्यंत ती गोष्ट गेली का ते बघेन" हे उत्तर मात्र आलंच पाहिजे. ज्याला ते देता येत नाही त्याला ते येईपर्यंत मुलांसोबतच्या कामावर पाठवू नका. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन १९९६ मध्ये याच शहरात टाटा संस्थेच्या एका प्रकल्पातून सुरू झाली. मुंबईतल्या समाजकार्याच्या विद्यार्थ्याला तो नंबर पाठ नसावा, याचं मला फार वाईट वाटतं.

याच सुमारास प्रत्येकाला एकटं भेटून विचारा: फिल्डवर्कला काही सोय लागेल का? औषधं, पाळीचा त्रास, गरोदरपण, ऐकण्या-दिसण्याची अडचण, रात्रीची नोकरी, काहीही. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये वाजवी सोय करून देण्याची जबाबदारी आहे, ती मेहेरबानी नव्हे. माझ्या एका विद्यार्थिनीला जिने चढता येत नव्हते. मानखुर्दच्या पुनर्वसन इमारतींत लिफ्ट बंद असणं नित्याचंच, आणि तिची कुटुंबं पाचव्या-सहाव्या मजल्यावर. कुणीतरी सुचवलं, तिला ऑफिसातलं काम द्या. तिला विचारलं तर ती म्हणाली, तळमजल्यावर सोसायटीचं ऑफिस आहे, बायका पाणी भरायला खाली येतातच, मी तिथे बसते. त्या वर्षी सगळ्यात जास्त बायकांशी बोलणं तिचंच झालं.

स्वतःच्या डोळ्यांनी बघा

हे सांगायला लागू नये, पण लागतं. कितीतरी सुपरवायझर अख्खं सेमिस्टर फक्त वह्या तपासतात. प्रत्येक विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काम करताना सेमिस्टरमध्ये निदान दोनदा बघा, आणि पहिली वेळ पहिल्या सहा आठवड्यांतली असू द्या. बघायला जायचं तर आधी कळवून, घरातल्या माणसांची परवानगी घेऊन, आणि तिथे गेल्यावर गप्प बसायचं.

गोवंडीच्या बैंगनवाडीतली एक दुपार सांगते. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा. बाई जमिनीवर मांडी घालून कापडावर टिकल्या लावत होती, डझनावर पैसे मिळतात त्या कामातलं. मुलगा शाळेतून गळाला म्हणून माझी विद्यार्थिनी गेलेली. बाईने हातातलं काम न थांबवता निळा ड्रम पुढे सरकवला, "बैठो ना दीदी." विद्यार्थिनी बसली, फॉर्म काढला. नाव, वय, कुटुंबात माणसं किती, भाडं किती. उत्तरं येत होती. मग सुईत दोरा ओवता ओवता बाई म्हणाली, "पिछले महीने से ये घर नहीं आते." विद्यार्थिनीचा पुढचा प्रश्न होता, "आधार कार्ड है?"

बाहेर पडल्यावर गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर उभं राहून मी वहीत दोनच ओळी लिहिल्या: बाईने सांगितलं, नवरा महिनाभर घरी नाही. विद्यार्थिनीने विचारलं, आधार कार्ड आहे का. तारीख, वेळ. मनात मात्र मी निकाल लावून टाकला होता, की या मुलीला माणसंच दिसत नाहीत. तेवढ्यात ती स्वतःहून म्हणाली, "मॅडम, ते मी ऐकलं. पण काय बोलायचं ते सुचलंच नाही, म्हणून मी पुढे गेले."

त्या एका वाक्याने चित्र पालटलं. ती ऐकत होती. तिला फक्त पुढचं वाक्य येत नव्हतं, आणि वाक्य शिकवता येतं. वर सांगितलेल्या तिघांपैकी ते पहिलं कारण होतं, मी ते दुसरं समजून चालले होते. ती बोलली नसती आणि मी वहीत "संवेदनशीलतेचा अभाव" असं लिहून ठेवलं असतं, तर तो शेरा वर्षभर तिच्या मागे लागला असता. म्हणून नियम असा: जे घडलं तेवढंच लिहा, आणि निष्कर्षाआधी विद्यार्थ्याचं ऐका.

रेकॉर्डिंग वाचताना

प्रत्येक भेटीनंतर विद्यार्थी जी लेखी नोंद करतो तिला आम्ही रेकॉर्डिंग म्हणतो. त्यात "बाईंना शिक्षणाचे महत्त्व समजावून सांगितले. त्यांनी सहकार्य केले नाही." असं वाक्य दिसलं की पेन्सिलीने समासात लिहा, बाई नेमकं काय म्हणाल्या? विद्यार्थ्याने बाईंचे शब्द लिहायला सुरुवात केली की तो ऐकायला लागलाय असं समजा. दर आठवड्याला रेकॉर्डिंग वाचून परत दिलंत तर दोन महिन्यांत फरक दिसतो. पंधरा रेकॉर्डिंग एकदम महिन्याअखेरी वाचली तर काहीच दिसत नाही.

अलीकडे मोबाइलवरच्या एआयकडून लिहून घेतलेली रेकॉर्डिंग येतात. भाषा गुळगुळीत, प्रत्येक भेटीत "सकारात्मक बदल", आणि घरात काय दिसलं याचा एक शब्द नाही. ती पकडण्यासाठी कुठल्याही ॲपच्या मागे लागू नका. वैयक्तिक सुपरव्हिजनला, म्हणजे आपल्या आयसीला, त्या भेटीबद्दल साधेपणाने विचारा: कोण कोण होतं घरात? तुम्ही कुठे बसलात? पाणी कधी येतं तिथे? जो गेला होता त्याला हे सांगता येतं, अगदी अडखळत का होईना. जो गेला नव्हता तो दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला गप्प होतो. एजन्सीच्या व्हिजिट रजिस्टरशीही ताळा करा. भाषा सुधारायला एआय वापरणं आणि न झालेली भेट रचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा नियम जूनमध्येच सांगून टाका आणि कुटुंबाची नावं-पत्ते अशा ॲपमध्ये टाकायला सक्त मनाई करा. दुसरी लबाडी आहे. न झालेल्या भेटीवर विसंबून एजन्सी उद्या त्या घराबद्दल निर्णय घेते.

"पण" बोलायचा कसा

काही खटकलं तर सात दिवसांच्या आत, समोरासमोर, दार लावून. आमच्या माणसांना हे जड जातं. आपण आधी इतकं गोड बोलतो की मुद्दा विरघळून जातो आणि विद्यार्थी खूश होऊन बाहेर पडतो. माझी पद्धत अशी आहे:

"बुधवारी तू रेश्माताईंच्या घरातली गोष्ट बाहेर ओट्यावर बोललीस, असं मला एजन्सीतून कळलं. आधी तुझ्याकडून ऐकते, काय झालं?" ऐकून घेतल्यावर, "यातून त्या बाईचं काय नुकसान होऊ शकतं असं तुला वाटतं?" आणि शेवटी, "हा मूल्यमापनातला गंभीर मुद्दा आहे. पुढच्या तीन आठवड्यांत मला काय दिसायला हवं ते आपण आत्ता लिहूया."

(नाव अर्थातच बदललेलं आहे.)

ते लिहिणं विद्यार्थ्याच्या हातून होऊ द्या, त्याच्या शब्दांत, खाली दोघांच्या सह्या. त्यात तीन आठवड्यांची मुदत, बदलायच्या एक-दोनच गोष्टी, आणि आपण काय मदत करणार ते. "सुधारणा करावी" असलं वाक्य त्यात नको. "पुढच्या चार भेटींच्या रेकॉर्डिंगमध्ये बाईंचे शब्द असतील, आणि त्यातल्या एका भेटीला मी सोबत येईन" असं हवं. मुदत संपली की त्या दिवशी पुन्हा बसायचंच. हा दुसरा दिवस सुपरवायझर विसरतात आणि मग समितीसमोर अर्धाच कागद उरतो.

एजन्सीतल्या सुपरवायझरशी हे वर्षाच्या सुरुवातीला बोलून ठेवा. "तुम्ही तक्रार केलीत तर आम्ही तिला काढून टाकू" अशी भीती त्यांना असते, म्हणून ते एप्रिलपर्यंत दाबून ठेवतात. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात फोन करायचा आणि एकच प्रश्न विचारायचा: "उद्या जागा असेल तर हिला नोकरीवर घ्याल का? नसाल घेणार तर कशामुळे?" या प्रश्नाला माणसं खरं उत्तर देतात.

तीन आठवडे थांबायचं नाही अशा वेळी

मुलाला मारणं. कुटुंबाकडून पैसे घेणं, उसने म्हणूनसुद्धा. सेवा घेणाऱ्या व्यक्तीशी शरीरसंबंध किंवा तसा प्रयत्न. नशेत कामावर येणं. मुलाला धोका आहे हे कळून लपवणं. यातलं काही समोर आलं तर त्याच दिवशी फिल्डवर्क थांबवा, पत्र द्या, आणि पत्रात स्पष्ट लिहा की ही शिक्षा नाही, चौकशी होईपर्यंतची काळजी आहे. प्रकरण पोलिसांकडे जायचं असेल तर कॉलेजच्या चौकशीची वाट बघायची नाही.

या दोहोंच्या मधली प्रकरणं खरी कठीण. एका विद्यार्थ्याने बालगृहातल्या मुलांसोबतचा सेल्फी व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवला. बालन्याय कायदा २०१५ अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई करतो, म्हणजे गोष्ट किरकोळ नव्हती. तरी त्याचं प्लेसमेंट, म्हणजे त्या एजन्सीतलं फिल्डवर्क, आम्ही चालू ठेवलं. अशा वेळी मी चार गोष्टी बघते. नुकसान किती झालं किंवा होऊ शकलं असतं? त्याला हे आधी सांगितलं होतं का? विचारल्यावर खरं बोलला का? आणि पुन्हा केलं का? त्याने फोटो तासाभरात काढला, स्वतः बालगृहाच्या अधीक्षकांना जाऊन सांगितलं, आणि पुढच्या बॅचच्या ओरिएंटेशनला तोच या विषयावर बोलला. त्याने "मी नाही, मित्राने टाकला" म्हटलं असतं तर माझा निर्णय वेगळा झाला असता. चूक करणाऱ्यापेक्षा ती लपवणाऱ्याची मला जास्त धास्ती वाटते, कारण वस्तीत त्याच्यावर नजर ठेवायला कुणीच नसतं.

रडणं म्हणजे अयोग्य नव्हे

सुरुवातीच्या काळात फिल्डवरून येऊन रडणारा विद्यार्थी मला कच्चा वाटायचा. एका मुलीला मी तसं तोंडावर म्हटलंही. तिच्या कामातलं एक बाळ दगावलं होतं. तिने त्यानंतर माझ्यासमोर कधी काही बोलून दाखवलं नाही, आणि मला वाटलं, सावरली. वर्ष संपताना कळलं की ती तीन महिने नीट झोपलेली नव्हती. ती चूक माझी होती, आणि त्यानंतर मी आयसीची पहिली पाच मिनिटं विद्यार्थ्यासाठी ठेवते, कामासाठी नाही.

आपण डॉक्टर नाही. "तू डिप्रेशनमध्ये आहेस" असं म्हणायचा आपल्याला अधिकार नाही. दिसतं तेवढं बोलावं: "गेले तीन आठवडे तू भेटी टाळते आहेस, काय होतंय?" कॉलेजचा समुपदेशक, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर, गरज असेल तर सरकारी किंवा महापालिका हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग, हे हाताशी असू द्या. उपचार घेणं हा मूल्यमापनातला वजा मुद्दा कधीही होता कामा नये आणि समुपदेशकाकडून माहिती काढायचीही नाही. आजारी विद्यार्थ्याला फिल्डवर्क थांबवून पुढच्या सेमिस्टरला पूर्ण करायची वाट मोकळी ठेवा.

आधी आपल्याच नजरेची तपासणी

बदलापूर, आसनगाव, विरारहून येणाऱ्या मुलांच्या नावापुढे उशिराच्या खुणा जास्त असतात. मेगाब्लॉक, पावसात साचलेला कुर्ला-सायनचा ट्रॅक, नऊच्या लोकलमध्ये न मिळालेली जागा, हे सगळं आपण "बेजबाबदार" या एका शब्दात गुंडाळतो. दक्षिण मुंबईत राहणारा मुलगा दहाला पाच कमी असताना पोचला की तो "कमिटेड". किती वाजता आला हे जरूर लिहा, पण त्याने कळवलं होतं का आणि कुटुंबाची भेट हुकली का, हेही शेजारी लिहा.

भाषेचा प्रश्न याहून मोठा. नांदेड-धाराशिवकडून शिष्यवृत्तीवर आलेला मुलगा मराठीत सुंदर रेकॉर्डिंग लिहितो, इंग्रजीत अडखळतो, आणि ग्रुप कॉन्फरन्सला, म्हणजे सगळ्या गटाच्या बैठकीला, गप्प बसतो. त्याच्या फॉर्मवर "आत्मविश्वास कमी" येतं. तोच मुलगा धारावीत कट्ट्यावर बसून माणसांना बोलतं करत असतो, पण ते बघायला कुणी गेलेलं नसतं. जातीने, पेहरावाने, आडनावाने आपली नजर कशी वळते हे मान्य करायला माणसाला त्रास होतो. म्हणून मनाच्या चांगुलपणावर भिस्त न ठेवता पद्धतच तशी करा. ज्या विद्यार्थ्याबद्दल शंका आहे त्याची तीन रेकॉर्डिंग नाव झाकून दुसऱ्या सहकाऱ्याला वाचायला द्या. एक भेट त्या सहकाऱ्याने बघावी. आणि "ॲटिट्यूड" हा शब्द फॉर्मवरून हद्दपार करा. त्याच्या जागी काय घडलं ते लिहायला लागलं की निम्म्या तक्रारी आपोआप गळतात आणि उरलेल्या पक्क्या होतात.

समिती आणि निर्णय

तीन आठवड्यांच्या दोन मुदती होऊनही बदल दिसला नाही तर प्रकरण एकट्या सुपरवायझरकडे ठेवू नका. तीन जणांची समिती करा, त्यात एक जण त्या एजन्सीबाहेरचा अनुभवी समाजकार्यकर्ता असावा. ज्याने तक्रार मांडली त्याने निर्णयात बसू नये. समितीला जे कागद दिसणार आहेत ते सगळे विद्यार्थ्याला निदान आठवडाभर आधी द्या. त्याला सोबत कुणाला आणायचं असेल तर आणू द्या. निर्णय लेखी, कारणांसह, आणि दाद कुठे मागायची ते त्याच पत्रात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्या वर लोकपाल अशी सोय आहे.

निर्णय पास-नापास एवढाच नसतो. वाढीव आठवडे देता येतात, दुसऱ्या प्रकारच्या एजन्सीत सेमिस्टर पुन्हा करता येतं, आणि कधी कधी थेट माणसांसोबतचं हे काम तुझ्यासाठी नाही असंही सांगावं लागतं. लेखी पेपरातले गुण फिल्डवर्कमधल्या उणिवेवर पांघरूण म्हणून वापरू नका, दोन्ही वेगळे पास व्हायला हवेत. आणि नको झालेला विद्यार्थी गुपचूप दुसऱ्या एजन्सीत ढकलायचा, ही जी सवय आपल्याला लागली आहे ती सोडायला हवी. नव्या सुपरवायझरला काय सांगणार आहोत ते आधी विद्यार्थ्याला वाचून दाखवा, मग सांगा.

ती कुटुंबं

एवढं सगळं झाल्यावर सगळ्यांचं लक्ष विद्यार्थ्याकडे, कागदांकडे आणि अपिलाकडे असतं. ज्यांच्या घरी तो दर बुधवारी जात होता त्यांना कुणी काही सांगत नाही. बाई बुधवारी वाट बघते, मग पुढच्या बुधवारी बघते, मग सोडून देते. पुढच्या वर्षी नवा विद्यार्थी त्या दारात उभा राहतो तेव्हा ती आतूनच म्हणते, "नंतर या."

प्लेसमेंट थांबवल्याच्या आठवड्यातच एजन्सीसोबत बसून कुटुंबांची यादी करा. कुणाचा रेशनकार्डाचा अर्ज अर्धवट आहे, कुणाची कोर्टाची तारीख आहे, कुणाच्या मुलाचा दाखला अडकलाय, ते एका कागदावर उतरवा आणि प्रत्येक नावापुढे पुढच्या माणसाचं नाव लिहा. शक्य असेल आणि धोका नसेल तर शेवटच्या भेटीला विद्यार्थ्याला सोबत न्या. का थांबलं याचा तपशील तिथे द्यायचा नाही. "आता मी येणार नाही, या ताई येतील, तुमचा अर्ज यांच्याकडे आहे" एवढं त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. ते जमत नसेल तर तुम्ही जा, शक्यतो बुधवारीच, आणि ती फाइल बाईंना दाखवून मग नव्या माणसाच्या हातात द्या.